लुंगीमामा

जालन्याच्या एमआयडीसीत माणूस कुठल्या खात्यातला, हे त्याच्या कपड्यांवरून ओळखता येतं. शर्ट खोचलेला आणि इस्त्रीची घडी शाबूत असेल तर अकाउंट्स. खिशाला टेस्टर लटकत असेल तर मेंटेनन्स. शर्टाला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं पडलेली असतील तर भट्टी किंवा रोलिंग. पण ही खातेवाटणी पाळी सुटेपर्यंतच. संध्याकाळी गेटाबाहेरच्या टपरीवर बघाल तर सगळी खाती बरखास्त झालेली असतात आणि एकच उरलेलं असतं, ते लुंगीचं. त्या खात्याला साहेब नाही, पण मामा आहेत.

मामांचं खरं नाव हजेरीपटावर असतं आणि तिथंच राहतं. तसा लुंगीमामा हा एक माणूस नव्हे, तो हुद्दा आहे. दर कंपनीला एक, दर लेबर क्वार्टरला एक, आणि नवा प्लॉट पाडला की पाण्याच्या टाकीआधी तिथं एक मामा येऊन उभा राहतो. माझ्या ओळखीचे मामा भोकरदनकडचे. मिसरूड फुटायच्या वयात रोलिंग मिलमध्ये आले, हातात चिमटा घेतला, तो गुडघे कुरकुरायला लागल्यावरच खाली ठेवला. आता पाळीच्या पोरांवर नजर ठेवतात आणि स्क्रॅपच्या ढिगातून अजून चालेल अशी वस्तू बाजूला काढतात. तुमच्या घराच्या स्लॅबात जालन्याची सळई असेल, तर ती बिलेट असताना कधीतरी मामांच्या चिमट्यातून गेलेली असण्याची शक्यता आहे. अकराशे-बाराशे अंशांवर तापलेलं लोखंड हातभर अंतरावरून सरकत गेलं तरी या माणसाची पापणी हलत नाही. वारं सुटलं की मात्र चेहरा उतरतो.

कारण लुंगी.

कामावर असताना मामा पँटीत असतात. हौसेनं नव्हे, कायद्यानं. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं २२ वं कलम सांगायचं, की चालू यंत्राला तेलपाणी करणाऱ्या कामगारानं अंगाबरोबरचे घट्ट कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत. मामांनी हे कलम वाचलेलं नाही, पण कंपनीच्या गेटावर ‘लुंगी, गमछा व चप्पल घालून आत येण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड आहे तो वाचलाय, आणि तो त्यांना पूर्ण मान्य आहे. रोलमध्ये कपडा ओढला गेला तर मागोमाग माणूस जातो, हे त्यांना सांगावं लागत नाही. ते नव्या पोरांना सांगतात. मात्र कायदा आठ तासांचा, दिवस चोवीस तासांचा. उरलेल्या सोळा तासांबद्दल कायदा गप्प आहे, आणि कायदा गप्प बसतो तिथून मामांची लुंगी सुरू होते.

“पाय दिवसभर भट्टीला दिले ना,” मामा म्हणतात, “आता थोडे मला राहू द्या की.”

याला काही उत्तर नाही. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडून वर बसलेला असतो, त्यात पत्र्याची शेड, त्यात भट्टी. तिथून बाहेर आलेल्या माणसाला टेरिकॉटची पँट नकोशी झाली तर तो दोष माणसाचा नाही. एका नव्या इंजिनिअरनं मागं एकदा आपुलकीनं सुचवलं होतं, “मामा, ट्रॅक पँट कामून नाही घालत? सुटसुटीत राहते.” मामांनी त्याच्याकडं वरून खाली पाहिलं. “ते पळायसाठी असतं. म्या कुठं पळू राह्यलो?”

लुंगी जालन्याला परकी नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या बाजारात धोतर आणि लुंगी एकाच दुकानात, एकाच फळीवर राहिली. मामांच्या वडिलांनी मरेपर्यंत धोतर सोडलं नाही. मामांनी लग्नात नेसलं, नंतर सोडलं; रोज पाच वार नेसायला सवड कुणाला आहे? पुढं एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं आली आणि त्यांनी आपापल्या गाठी आणल्या. भाषा, जेवण, क्रिकेटची टीम, सगळ्यांवरून भांडणं होतील, पण लुंगीच्या बाबतीत क्वार्टरमध्ये संपूर्ण राष्ट्रीय एकात्मता आहे. एकाच तारेवर पाच राज्यांच्या लुंग्या वाळतात आणि सकाळी कुणाची कुणाला जाते, त्याचा हिशेब ठेवत नाहीत.

मामांची लुंगी चौकड्याची, दोन मीटरची, गोल शिवलेली. उघडी लुंगी मामांना पटत नाही. “तिला दरवाजा राहतो,” म्हणतात. नेसण्याची रीत ठरलेली: आत उभं राहायचं, जास्तीचा घेर एका बाजूला ओढायचा, पोटावर आडवा टाकायचा, पिळा मारून कमरेत खोचायचा. पट्टा नाही, बटण नाही, नाडी नाही. सगळा कारभार त्या एका पिळ्यावर आणि थोडासा पोटावर. जेवणानंतर पिळा घट्ट बसतो, उपवासाच्या दिवशी सैल होतो. एकादशीला मामा फारसे बाहेर पडत नाहीत, ते भक्तीमुळं असा लोकांचा समज आहे.

आता वारा. सह्याद्रीच्या कुशीतल्या लोकांना वारा म्हणजे डोंगरानं अडवून उरलेला काय तो येतो. जालना पठारावर. आषाढात पश्चिमेचं वारं सुटतं त्याला मध्ये अडवायला काही नाही, आणि एमआयडीसीत तर मुद्दाम सोय केल्यागत सरळ, रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट. दोन उंच शेडांच्या मधल्या बोळात तोच वारा चेपला जाऊन दुप्पट जोरानं बाहेर पडतो. चैत्र-वैशाखात भर दुपारी वावटळी उठतात, त्या स्क्रॅप यार्डातली धूळ, गुटख्याच्या पुड्या आणि वजनकाट्याच्या पावत्या घेऊन गिरक्या मारत रस्ता ओलांडतात. मृगाच्या आधी वळीव येतो तेव्हा पत्रे उडतात. जिथं पत्रा टिकत नाही तिथं दोन मीटर सुती कापडानं काय करावं?

मामांना एमआयडीसीतल्या वाऱ्याचा नकाशा पाठ आहे. कुठल्या कंपनीच्या कंपाउंडला भिंत आहे, कुठं नुसती तारेची जाळी, कुठल्या वळणावर संध्याकाळी साडेसहानंतर झोत लागतो, हे त्यांना विचारावं. क्वार्टरपासून टपरी समोरच दिसते, पण आषाढात मामा सरळ येत नाहीत. भिंतीला धरून, उभ्या ट्रकांच्या आडोशानं, दोन ठिकाणी थांबत येतात. नव्या माणसाला वाटतं, उधारी फार झालेली दिसते.

खरी पंचाईत हाफ-फुलची. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून वर खोचली की तिला हाफ म्हणतात. हाफ लुंगीत वारं कमी भरतं, पण अब्रू आधीच निम्मी उघड्यावर असते. फुल लुंगीत पाय झाकलेले, पण खालून वारं शिरलं की सगळा घेर फुगतो. बरं, हा निर्णय मामांच्या एकट्याच्या हातात नाही. शेठची गाडी दिसली की हाफची फुल करायची, ही अदब आहे. हाफ लुंगीत शेठपुढं उभं राहणं म्हणजे तोंडात तंबाखू ठेवून बोलण्यासारखं. त्यामुळं आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी पश्चिमेकडून वारं आणि पूर्वेकडून शेठ असा योग आला, की मामांच्या चेहऱ्यावर जे काही येतं ते मी बिलेट अडकून मिल बंद पडली तेव्हाही पाहिलेलं नाही.

मामांनी उपाय केले नाहीत असं नाही. लोखंडाच्या गावात राहून माणूस स्वस्थ कसा बसेल? पहिला उपाय म्हणजे काठात वजन. स्क्रॅपमधून एका मापाचे छोटे नट निवडले, काठ उसवून घेरभर ओवले, परत शिवले. ही कल्पना हास्यास्पद नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या कपड्यांच्या काठातही वाऱ्यासाठी वजनं शिवत असत, असं खुद्द तिच्या शिंप्यानं सांगून ठेवलंय. पण राणी सावकाश चालायची आणि तिच्याकडं जालन्याचा वारा नव्हता. मामांची लुंगी उडायची ती उडालीच, वर ते नट दोन्ही नडग्यांवर वाजले. शिवाय चालताना खुळखुळ आवाज यायचा. नाइट शिफ्टच्या वॉचमननं दोनदा अंधारात “कोन हाय?” म्हणून काठी उगारली, तेव्हा नट परत स्क्रॅपमध्ये गेले. दुसरा उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचे चिमटे. गुडघ्यांच्या मध्ये पुढचा-मागचा काठ एकत्र धरून दोन चिमटे लावले. वारं हरलं, पण मामांना पावलंच टाकता येईनात. टपरीपर्यंत उड्या मारत यावं लागलं. शेवटी आतून बर्मुडा हा जगन्मान्य विमा त्यांनी घेतला. पण विमा काढला म्हणून कुणी गाडी ठोकून घेत नाही. हात लुंगीवरच राहिला.

मोटारसायकलवर तर वेगळंच. मामा लुंगीचा पुढचा घेर गोळा करून मांड्यांखाली दाबतात, मागचा बुडाखाली जातो, आणि मग गाडी चालते. जुन्या गाडीला किक होती. किक मारायला उजवा पाय उचलायचा, झटक्यात खाली न्यायचा, आणि नेमकं त्या क्षणी वारं यायचं. लोक सेल्फ स्टार्टची गाडी घेतात ती आरामासाठी; मामांनी इज्जतीसाठी कर्ज काढून घेतली. पण छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर सळई भरलेला ट्रेलर शेजारून गेला की सेल्फ स्टार्ट काय करणार? आधी ट्रेलरचा झोत बाहेर ढकलतो, मग मागची पोकळी आत ओढते. दोन विरुद्ध दिशांच्या वाऱ्यांना एकच मांडी पुरत नाही. मामा ट्रेलर आरशात दिसला की गाडी कडेला घेतात, दोन्ही पाय टेकतात, दोन्ही हातांनी लुंगी दाबून धरतात आणि ट्रेलरला मान देऊन पुढं जाऊ देतात. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. तो नमस्कार की चेष्टा, मामा विचारत नाहीत.

एकदा चहा पिता पिता मी मामांना स्कॉटलंडच्या किल्टबद्दल सांगितलं. तिकडं पुरुष घागऱ्यासारखा लोकरी कपडा नेसतात, मागं चुण्या, पुढं कमरेला चामड्याची पिशवी, काठाला एक जाडजूड पिन. मामांनी पिनेची माप-वजनासकट चौकशी केली. मग मी सांगितलं की जुन्या रीतीनं नेसणारे आत काही घालत नाहीत.

“काहीच?”

“काहीच.”

“मंग तिकडं वारं नसंल.”

म्हटलं, युरोपातल्या सगळ्यात जास्त वाऱ्याच्या मुलखांत त्याची गणती होते. मामा थोडा वेळ गप्प राहिले. “मंग शेजारीपाजारी नसतील,” म्हणाले.

पण पुढची गोष्ट त्यांना फार आवडली, आणि ती जालन्याच्या माणसालाच कळावी अशी आहे. जुने हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक, एक लांबलचक घोंगडं कमरेला आणि खांद्यावर गुंडाळत. १७२०-३० च्या सुमाराला थॉमस रॉलिन्सन नावाचा इंग्रज कारखानदार ग्लेनगॅरीला आला आणि त्यानं तिथं लोखंडाची भट्टी घातली. कामाला तिथलेच गडी. एवढं घोंगडं सांभाळत भट्टीवर काम होईना, म्हणून त्यानं वरचा भाग कापून टाकायला लावला आणि खालचा तेवढा चुण्या घालून ठेवला. तोच आजचा आखूड किल्ट, असं १७८५ साली छापून आलेलं एक पत्र सांगतं. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकारानं ही कथा उचलून धरली, तर आखूड किल्ट त्याच्या आधीही होता म्हणून स्कॉटलंडचे अभिमानी लोक अजून तिच्यावर भांडतात. मामांचा पक्ष ताबडतोब ठरला.

“शेठच तो. पगार वाढवायच्या जागी कपडा कमी केला.”

मग त्यांना बंदीची हकीकत सांगितली. हायलँडरांचा १७४५ चा उठाव मोडल्यावर लंडनच्या पार्लमेंटनं १७४६ साली कायदा करून हायलँडचा पोशाखच बेकायदा ठरवला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. सरकारी पलटणीतल्या शिपायांना तेवढी मोकळीक. हा कायदा १७८२ पर्यंत टिकला. मामांनी गेटावरच्या बोर्डाकडं पाहिलं. “आपल्याकडं बरं हाय. अर्धा खाडा मांडतेत, समुद्रात नाही धाडत.”

आणि हे किल्टवाले हायलँडर जालन्याला अगदीच अनोळखी नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रजांच्या वेलस्ली या सेनापतीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडली. तिच्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. मामांच्या गावापासून असई फार लांब नाही, तिथं गोऱ्यांची लढाई झाली हे त्यांना ठाऊक होतं. या गोऱ्यांचा घरचा पोशाख किल्ट, हे नव्हतं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि लढाईचा फेरविचार केला.

“सप्टेंबरात वारं पडतं,” म्हणाले. “आषाढात गाठायला पायजे होतं त्यांना. शिंद्यांच्या तोफांला काम राह्यलं नसतं.”

शिंद्यांच्या तोफा त्या काळी उत्तम होत्या आणि असईला त्यांनी इंग्रजांना चांगलंच भाजून काढलं, हे वेलस्लीही विसरला नाही. पण मोसमाचा मुद्दा माझ्या वाचनात तरी कुणा इतिहासकारानं काढलेला नाही.

या सगळ्यावर शेवटचा शब्द मामींचा. मामी गावाकडं असतात, पेरणी आटोपली की आषाढात आठ दिवस क्वार्टरवर येतात. अंगावर नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट मागं खोचलेला. बाजार करून परत येताना हे जोडपं बघावं. मामी डोक्यावर पिशवी आणि दुसरी काखेत घेऊन वाऱ्याच्या तोंडावर सरळ रस्त्याच्या मधून चालतात. मागं मामा, भिंतीला धरून, एका हातात कोथिंबिरीची जुडी आणि दुसऱ्या हातात स्वतः. मध्येच मामी थांबतात, वळून बघतात आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “माझं नऊ वार हाय, तुमचं दोन. वारं बी गरीब बघूनच येतं.”

मी मामींना सांगितलं, की स्कॉटलंडच्या चांगल्या किल्टलासुद्धा आठच वार कापड लागतं.

“मंग एक वार कमी पडलं त्यांला,” मामी म्हणाल्या आणि चालू लागल्या. आठ वारात आणि नऊ वारात काय फरक पडतो ते त्यांनी सांगितलं नाही. तो फरक म्हणजे कासोटा, आणि आकाशातून कितीही वारं आलं तरी कासोट्याला त्याचं काही नसतं. मामांना हे कळत नाही असं नाही. पण कासोटा घालायचा म्हणजे धोतर आलं, धोतर म्हणजे वडील आले, आणि वडिलांच्या जागी बसायला मामा अजून तयार नाहीत. कंपनीची पँट आणि बापाचं धोतर यांच्या मधली दोन मीटर जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली आहे. तिथं त्यांना कुणी हुकूम करत नाही. एक हात कायमचा गुंतवून ठेवावा लागतो, एवढंच तिचं भाडं. ते मामांना परवडतं असं दिसतं, कारण पोरानं दिवाळीला आणलेली ट्रॅक पँट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे.

तेव्हा आषाढात कधी जालन्याच्या एमआयडीसीत काम निघालं आणि टपरीजवळ, ट्रकाच्या आडोशाला, डावा हात मांडीवर दाबून आणि उजव्या हातात चहाचा ग्लास धरून एखादे मामा उभे दिसले, तर पत्ता खुशाल विचारा. ते हनुवटीनं दिशा दाखवतील आणि ती बरोबर असेल. फक्त त्यांना नमस्कार करू नका. मामा जुन्या वळणाचे आहेत. उलट नमस्कार केल्याशिवाय राहणार नाहीत, आणि त्याला दोन्ही हात लागतात.